रेकॉर्डिंगचा धंदा घरातून: आधी जुना डेक, मग माईक



"सर, घरात स्टुडिओ टाकायचाय, बजेट किती लागेल?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी येतो. विचारणारा बहुतेक वेळा पंचवीस-सव्वीसचा असतो. गाता येतं किंवा पेटी-तबला येतो, आणि मोबाईलमध्ये दीड लाखाच्या सामानाची यादी तयार असते. कंडेन्सर माईक, मॉनिटर स्पीकर, भिंतीला लावायचा काळा फोम. फोम तर हमखास असतो. मुद्रा लोनची चौकशीही झालेली असते.

मी त्याला उलटा प्रश्न विचारतो. पहिल्या महिन्यात पैसे कोण देणार? नाव सांग, गाव सांग. इथे गाडी अडते. हिंगोली, सेनगाव, वसमत भागात महिन्याला गाणं रेकॉर्ड करून घेणारे किती जण आहेत? हौशी पुष्कळ आहेत, पण हौशी माणूस मोबाईलवर भागवतो. मग हप्ता कशातून फेडणार?

गिऱ्हाईक आहे, पण ते वेगळ्या दारात उभं आहे. आपल्या भागात ज्या घरात भजन आहे, शाहिरी आहे, त्या घरात ट्रंकेत नाहीतर माळ्यावर कॅसेटी पडल्यात. आजोबांचं कीर्तन, सप्त्यातलं काल्याचं कीर्तन, आत्याच्या लग्नातली गाणी, भीमजयंतीचा गायनाचा कार्यक्रम. ऐकायला मशीन नाही म्हणून त्या पडून आहेत. माझं मत स्पष्ट आहे: घरगुती रेकॉर्डिंगची सुरुवात नव्या माईकपासून करू नका, या कॅसेटींपासून करा. भांडवल कमी लागतं, गिऱ्हाईक ठरलेलं असतं आणि कान तयार होतो. शिवाय हे काम आणखी दहा वर्षांनी मिळेलच असं नाही. फीत खराब होते, आणि कॅसेटवरचा आवाज कोणाचा हे सांगणारी माणसंही जातात.

डेक कुठून आणायचा

कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ ला बर्लिनच्या प्रदर्शनात आणली. मुळात ती बोलणं टिपून घ्यायला होती, संगीतासाठी नव्हती. पावणेचार मिलिमीटर रुंदीची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने सरकते, एवढाच खेळ. एवढ्याशा फितीवर दोन्ही बाजूंचा आवाज बसवलेला असतो, म्हणून डेकचं हेड केसभर तिरकं असलं तरी आवाज दबतो.

आपल्याला टू-इन-वन नको, लाईन-आऊट असलेला डेक पाहिजे. मागे लाल-पांढऱ्या आरसीए पिना असतात तो. सोनी, टेक्निक्स, अकाई, यामाहा, कोणताही चालेल. नांदेडला, हैदराबादला जुन्या सामानाच्या बाजारात मिळतात. आपल्याच गावातल्या जुन्या रेडिओ मिस्त्रींकडेही धूळ खात पडलेले असतात. मिस्त्रीकडून घेतलेला बरा, कारण बेल्ट तोच बदलून देतो. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या डेकचा रबरी बेल्ट वितळून डांबरासारखा चिकट होतो. मोटर फिरते, चक्र हलत नाही. तेवढ्यावरून डेक भंगार समजू नका, बेल्ट स्वस्त असतो. घेताना हेडवर नखाने चर लागतो का ते बघा. लागत असेल तर हेड झिजलंय, सोडून द्या.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. ऑनलाईन मिळणारं "कॅसेट टू यूएसबी" नावाचं वॉकमनसारखं प्लास्टिकचं डबडं घेऊ नका. त्याचा वेग एकसारखा राहत नाही आणि पेटीचा सूर लाटेसारखा हलतो. गिऱ्हाईकाला कारण कळणार नाही, पण आवाज बिघडलाय हे नक्की कळेल.

डेक आणि लॅपटॉपच्या मधे यूएसबी कन्व्हर्टर लागतो. बेहरिंगर यूसीए-२०२ सारखा आरसीए पिनांचा छोटा डबा या कामाला पुरतो. तो १६ बिट, ४८ किलोहर्ट्झवर चालतो. "सर, २४ बिट पाहिजे ना?" कॅसेटसाठी नको. फितीची स्वतःची खरखर एवढी असते की १६ बिटमध्येही जागा उरते. डेकची वायर थेट लॅपटॉपच्या माईकच्या भोकात मात्र घालू नका. ते भोक माईकच्या बारीक सिग्नलसाठी असतं, डेकचा सिग्नल त्याच्या कितीतरी पट मोठा. आवाज फाटतो आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये एकाच बाजूने येतो.

सॉफ्टवेअरवर फार वेळ घालवत नाही. ऑडॅसिटी फुकट आहे, २००० सालापासून आहे, तेच घ्या.

कॅसेट हातात आल्यावर

डेकमध्ये घालायच्या आधी कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन छोटे चौकोनी तुकडे दिसतात का बघा. असतील तर गिऱ्हाईकाला सांगून दोन्ही तोडा. ते तुटले की त्या कॅसेटवर परत रेकॉर्ड होत नाही. चुकून लाल बटण दाबलं जाऊन कुणाच्या वडिलांचा आवाज पुसला, तर त्याची भरपाई कोणत्या पावतीवर लिहिणार?

मग लेबल वाचा. आपल्याकडे त्यात एक गंमत आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला. लेबलवर "ता. कळमनुरी, जि. परभणी" असं लिहिलेलं असेल, तर कॅसेट बहुतेक त्याआधीची. तारीख नसलेल्या कॅसेटीला एवढाही आधार पुष्कळ असतो. गिऱ्हाईक समोर असतानाच कोण गातंय, पेटीवर कोण, कोणतं गाव, हे विचारून वहीत लिहा. फाईलला "कॅसेट १" असं नाव दिलं तर पाच वर्षांनी ती फाईल निरुपयोगी होते.

फीत एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा मागे फिरवून घ्या, चिकटलेले वेढे सुटतात. आतली फोमची छोटी गादी पडली असेल तर दुसऱ्या टाकाऊ कॅसेटची काढून लावा. फीत तुटली असेल तर जोडपट्टी वापरा, सेलोटेप नको. सेलोटेपचा गोंद सुटून हेडला लागतो. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट वेगळी ठेवा. तीच डेकमध्ये घातली तर पुढच्या दहा कॅसेटींना लागण होते. हेड साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी. कोरोनातलं उरलेलं सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं.

आता खरं कौशल्य. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. प्रत्येक गावातला टेप वेगळा, त्याचा कोन वेगळा. म्हणून एका मशीनवर भरलेली कॅसेट दुसऱ्यावर गोधडीतून ऐकल्यासारखी वाजते. लोक म्हणतात कॅसेट खराब झाली. स्क्रूची मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा, हेडफोन लावा आणि अगदी थोडा थोडा फिरवा. एका ठिकाणी टाळाचा किणकिणाट अचानक उघडतो. तिथे थांबा. ऑडॅसिटीतल्या कोणत्याही बटणाने हे काम नंतर होत नाही.

दुसरी भानगड वेगाची. गावात लाईट नसायची, म्हणून टेप सेलवर चालायचा. सेल उतरले की फीत हळू फिरते. तशी भरलेली कॅसेट आज नीट वेगाच्या डेकवर लावली की आवाज पातळ आणि घाईघाईत येतो, बुवांचा आवाज पोरासारखा होतो. दुरुस्त कसं करायचं? पेटीला विचारायचं. मंडळातल्या जुन्या माणसाला विचारा, "काका, बुवा कोणत्या पट्टीत गायचे?" समजा उत्तर आलं काळी एक, आणि कॅसेटवर पेटी काळी दोनमध्ये वाजतेय. म्हणजे दोन स्वर वर, वेग साधारण १२ टक्के जास्त. ऑडॅसिटीत वेग सुमारे ११ टक्के कमी केला की बुवा आपल्या आवाजात परत येतात. सेल उतरतच जातात, त्यामुळे बाजूच्या शेवटाला फरक वाढलेला असतो. एकच टक्केवारी पूर्ण कॅसेटला लावू नका, तुकडे पाडून करा. ज्याला पेटी येते त्याला हे काम सोपं जातं. शहरातल्या यंत्रवाल्यापेक्षा तुम्ही इथे पुढे आहात.

लॅपटॉप चार्जरला लावला की घुंईं आवाज येतो ना? चार्जर काढा, बॅटरीवर चालवा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच जातो. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर डेक चालवून रेकॉर्ड करू नका, साध्या इन्व्हर्टरची गुरगुर आवाजात उतरते.

खरखर काढायचं बटण बघून हात शिवशिवतात. एकदा हलकं वापरा, त्यापुढे जाऊ नका. जास्त वापरलं की माणूस पाण्याखालून गातोय असं वाटतं आणि टाळाची धार जाते. गिऱ्हाईकाला थोडी खरखर चालते. मूळ वेव्ह फाईलला तर हातच लावू नका, ती जशी आली तशी जपा. ६० मिनिटांची कॅसेट साधारण ७०० एमबी होते. द्यायला वेगळी एमपी-थ्री काढा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आणि प्रत्येक कॅसेट दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत चालवा, लेबलवर काहीही लिहिलेलं असो. कळमनुरी भागातल्या एक ताई आजीच्या ओव्यांची कॅसेट घेऊन आल्या होत्या. वडिलांनी नंतर त्याच कॅसेटवर रेडिओवरची सिनेमाची गाणी भरली होती. एकदा वर भरलं की खालचं परत मिळत नाही, कोणी कितीही दावा करू द्या. ताई "राहू द्या" म्हणून उठल्यासुद्धा. पण बी बाजूची गाणी पाचेक मिनिटं आधीच संपली होती. थोडा वेळ शांतता, मग जात्याची घरघर आणि आजीचा आवाज. मधेच कोणीतरी लहान पोर रडतंय. ते पोर कोण असेल यावर त्यांनी घरी फोन लावला. या पाच मिनिटांचे मी वेगळे पैसे लावले नाहीत, दर कॅसेटचा ठरलेला तोच घेतला. तुम्हीही असंच करा. आवाजाच्या किमतीवर दर ठरवायला लागलात तर तो धंदा राहत नाही, अडवणूक होते.

ओव्यांची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतो. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी महाराष्ट्रभर खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. पुढे बर्नार बेल हे संगीताचे अभ्यासक त्यांना येऊन मिळाले आणि १२० तासांहून जास्त आवाजाची नीट नोंद झाली. आज 'पारी' या संकेतस्थळावर त्यातल्या ओव्या ऐकायला मिळतात, गाणाऱ्या बाईचं नाव-गाव लिहिलेलं असतं. वहीत नाव-गाव लिहा म्हणतो ते यासाठी. ऐकणाऱ्याला आवाजाइतकंच ते लागतं.

दर आणि वेळ

इथे बहुतेक जण मार खातात. कॅसेट म्हणजे झेरॉक्स नाही. ६० मिनिटांची कॅसेट ६० मिनिटंच घेते. त्यात तपासणी-सफाईची दहा मिनिटं आणि तुकडे पाडणं, नावं देणं याची वीस धरा. झाला दीड तास. समजा तुम्ही तासाला १०० रुपये धरले, तर एका कॅसेटला १५० पडतात. शेजारचा ५० सांगतो म्हणून तुम्हीही ५० सांगितलेत, तर तासाला तेहतीस रुपयांनी राबताय. एखादं मंडळ ४० कॅसेटी घेऊन आलं तर ते ६० तासांचं काम. रोज चार तास दिले तर पंधरा दिवस. "उद्या देतो" म्हणू नका.

फीत चालते ती ६० मिनिटं तुम्ही काउंटरवर गिऱ्हाईक करू शकता, पण एका कानात हेडफोन पाहिजे. म्हणून हे काम आधीच दुकान असणाऱ्याला परवडतं. नुसतं यावर घर चालेल असं मी म्हणणार नाही. तुटलेली फीत, बुरशी याचा दर वेगळा, आणि तो आधी सांगायचा. निम्मा अ‍ॅडव्हान्स घ्या. पावतीवर कॅसेटींची संख्या आणि आलेली अवस्था लिहा, मोबाईलने फोटो काढा. कॅसेट फेकू नका, परत द्या आणि घरी जपायला सांगा. गिऱ्हाईकाची परवानगी असेल तर फाईलची एक प्रत हार्डडिस्कवर ठेवा. पेन ड्राईव्ह हे द्यायचं साधन आहे, जपायचं नाही.

उद्यम नोंदणी फुकट होते, करून घ्या, कोणाला पैसे देऊ नका. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची घाई नाही.

मग माईक

चाळीस-पन्नास कॅसेटी झाल्या की दोन गोष्टी होतात. माईकचे पैसे धंद्यातून निघालेले असतात आणि चांगलं-वाईट रेकॉर्डिंग कशाने होतं ते कानाला कळलेलं असतं. ज्या मंडळाच्या जुन्या कॅसेटी तुम्ही केल्या, तेच विचारतं, "आता आमचंही करता का?" जाहिरात लागत नाही.

दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस आणि दोन डायनॅमिक माईक घ्या. कंडेन्सर नाजूक ऐकतो. आपल्याकडे तो कोंबडा, मोटारसायकल, शेजारचं मिक्सर सगळं ऐकतो. शुअरचा एसएम-५८ हा १९६६ चा माईक आजही तसाच विकला जातो आणि पडला तरी चालतो. मंडळाकडे अहुजाचा चांगला माईक असेल तर आधी त्यावर करून बघा. काळ्या फोमच्या जागी गोधड्या, वाकळी, गाद्या. उघड्या भिंतींची दहा बाय बाराची स्लॅबची खोली घुमते, तीन भिंतींना गोधड्या टांगल्या की बसते. पंखा बंद. मे महिन्यात हे सांगणं सोपं नाही, म्हणून पहाटे पाचला बोलवा, वारकरी मंडळी उठलेलीच असतात.

भजनात खरा त्रास टाळांचा. दहा टाळकरी माईकजवळ उभे राहिले की बुवा गायब. एक माईक बुवांच्या तोंडापासून वीतभर, दुसरा पखवाज आणि पेटीच्या मधे हात-दीड हात अंतरावर. टाळकऱ्यांना बुवांच्या समोर, माईकच्या पाठीकडे, जेवढे लांब जातील तेवढे न्या. तेवढं करूनही टाळ ऐकू येतातच, काळजी नको. लेव्हल सगळ्यात जोराच्या गजरावर लावा आणि काटा उणे सहाच्या वर जाऊ देऊ नका. सुरुवातीच्या संथ अभंगावर लावली तर शेवटच्या गजरात फाटणार.

खोली लहान आहे, सामान साधं आहे म्हणून लाजू नका. भारतात व्यापारी रेकॉर्डिंग १९०२ ला सुरू झालं, ते कलकत्त्याच्या हॉटेलच्या खोल्यांत. ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकाने १९८२ चा 'नेब्रास्का' अल्बम घरात बसून, कॅसेटवर चालणाऱ्या चार ट्रॅकच्या मशीनवर भरला. नंतर स्टुडिओत सगळ्या बँडसोबत तीच गाणी करून बघितली, पण बाजारात घरचीच आली.

कोणाचं गाणं

अभंग नामदेव महाराजांचा, तो सगळ्यांचा. पण कंपनीच्या कॅसेटवरचं त्याचं रेकॉर्डिंग कंपनीचं. कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो. म्हणून विकत मिळणारी कॅसेट कोणी आणली तर त्याच्या घरच्या वापरापुरतीच करून द्या. चॅनलवर टाकू नका, कॉपी विकू नका. यूट्यूब ती आपोआप ओळखतं. मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा धंदा आपल्याकडे खूप चालला, मी त्याच्या बाजूने कधीच नव्हतो.

घरच्या रेकॉर्डिंगलाही मालक आहेत. गाणाऱ्याचे हक्क कायद्यात ५० वर्षं आहेत, आणि कायदा बाजूला ठेवला तरी बुवांच्या मुलांना न विचारता त्यांचं कीर्तन तुमच्या चॅनलवर दिसलं, तर गावात तोंड दाखवता येणार नाही. ऑर्डर घेतानाच पावतीवर एक ओळ छापा: "हे रेकॉर्डिंग सार्वजनिक करण्यास परवानगी आहे / नाही." खाली सही. बहुतेक लोक आनंदाने "आहे"वर खूण करतात. ज्यांनी "नाही" केलं, त्यांची फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

पहिल्या दहा कॅसेटी स्वतःच्या घरच्या, मामाच्या, सासरवाडीच्या घ्या आणि फुकट करा. स्क्रू फिरवायला हात त्यातच बसतो. हेडचा कोन लावताना टाळ कसा उघडतो, ते या लेखाच्या व्हिडिओत आधीचा आणि नंतरचा आवाज लावून ऐकवलंय. मोबाईलच्या स्पीकरवर फरक कळणार नाही, हेडफोन लावून ऐका.